कागदी मखर

पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ति देशोदेशीं गेली. परंतु पेण-रोह्याकडील घरांतून मूर्तीसाठीं जें कागदी मखर उभें राही, त्याची आठवण विरत चालली आहे. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड आणि कात्री एवढ्यावर घरचीं माणसें महिरप सजवीत. कागद दुमडून कातरला कीं उलगडतांना दोहों बाजूंस सारखी वेलबुट्टी उमटे. मेक्सिकोच्या पुएब्ला प्रांतांत पातळ कागदांच्या थप्पीवर छिनीनें अशीच नक्षी कोरून तीं तोरणें मृतात्म्यांच्या वेदीवर लावतात. तेथें तो कारागिरांचा धंदा आहे. आमच्याकडे ही कला घरगुतीच राहिली, म्हणून थर्मोकोल येतांच कात्री बाजूस पडली. २०१८ सालीं महाराष्ट्रांत थर्मोकोलच्या सजावटीस बंदी झाली. तथापि बंदीनें कागद परत आला तरी कातरण्याचें वळण मुलांस घरींच लावावें लागेल, असें आम्हांस वाटतें.