फोन दुकानात होता, फायबर घरात आलं



आमच्या चिखल्यात कोणतीही वाट आधी मालासाठी होते आणि मग माणसांसाठी. 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची विलायती मंडळी आपल्या या पट्ट्यात मँगनीजच्या मागे लागली. तिचीच पुढे सी.पी.एम.ओ. कंपनी झाली. 1962 मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि मॉयल उभी राहिली. उरलेला 49 टक्के विलायती हिस्सा 1977 मध्ये सुटला. तुमसरहून गोबरवाहीवरून तिरोडीला जाणारी रेल्वेही मुख्यतः याच दगडासाठी पडली. आपण तिच्यात बसून लग्नकार्यांना गेलो, ती वरकड सोय.

या काळ्या दगडाचं आणि फोनचं नातं मात्र पुष्कळजणींना ठाऊक नसेल. 1866 मध्ये लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने एक सेल बनवला. त्यात जस्ताची कांडी, नवसागराचं पाणी आणि मँगनीज डायऑक्साइड. तारेची यंत्रं अशा सेलवर चालत, आणि पुढे फोनही. मुंबईत 1882 च्या जानेवारीत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं तेव्हा बोलणाऱ्याच्या घरीच बॅटरी ठेवायची रीत होती. आपल्या शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला डायऑक्साइड तर आजही सेलच्या कारखान्यांना जातो. म्हणजे लोकांचं बोलणं आपल्या भागातल्या दगडावरही चालत आलं, आणि आपल्याला बोलायचं तर तुमसरच्या पोस्टात रांग लावायची.

आमच्याकडे फोन आला तो दुकानात, गादीशेजारी. तुमच्याकडेही बहुधा तसंच असेल. व्यापाऱ्याच्या घरात फोन हे धंद्याचं हत्यार. धान्याचा भाव विचारायचा, नागपूरला माल सांगायचा. ट्रंक कॉल बुक करताना साधा, अर्जंट की लायटनिंग असं विचारत, आणि लायटनिंग म्हटलं की सासरे कपाळाला हात लावत. माझ्या आईचा फोन आला की नोकर आत सांगायला यायचा. मी डोक्यावर पदर घेऊन बाहेर जायची, चार गिऱ्हाइकं आणि मुनीमजींसमोर ‘हो, बरी आहे’ एवढंच बोलायची. बाकीचं सगळं पत्रात. क्षमावाणीची छापील कार्डं पाठवायचो ना, त्यांच्या कडेला बारीक अक्षरात मी जे लिहायची, ते फोनवर कधी बोलले नाही. 1984 नंतर सी-डॉटची देशी एक्स्चेंजं आली, पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ गावोगाव झाले. तिथे काचेचं दार तरी लावून घेता यायचं.

आता काचेच्या तारेकडे येते. तिचा एक धागा पंजाबातल्या मोग्यापर्यंत जातो. तिथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पार नेऊन दाखवलं, 1954 साली. पण तेव्हाच्या काचेत उजेड थोड्याच अंतरात विरून जायचा. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून लांबवर बोलता येईल, हे 1966 मध्ये चार्ल्स काओंनी मांडलं. नोबेल मिळालं 2009 मध्ये. आपल्या देशात दोन एक्स्चेंज जोडायला पहिली काचेची तार वापरली गेली ती पुण्यात, 1979 साली. गावांचा विचार बराच उशिरा झाला. 2011 मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. तीही पंचायतीपर्यंतच. तिथून घरापर्यंतचं अंतर वेगळं.

आमच्याकडे ते अंतर सरलं गेल्या फाल्गुनात. आलेला मुलगा हुशार होता. केसासारखी बारीक काच त्याने पुसली, छोट्या यंत्रात दोन टोकं समोरासमोर धरून ठिणगीने वितळवून जोडली. वायर काटकोनात वाकवू नका म्हणाला, उजेड वळणावर निसटतो. तांब्याची केबल चोर कापून नेत असत. काचेला भंगारवालाही विचारत नाही, हे त्याचंच. व्हेंटिलेटरमध्ये पारव्याची अंडी होती, म्हणून भोक खालच्या बाजूने पाडायला लावलं.

मग त्याने विचारलं, “काकू, डबा कुठं लावू?”

हे म्हणाले, दुकानात. कॅमेरा तिथे, गिऱ्हाइकांचे पैसे तिथे. मुलाचंही तेच. खरं सांगते, त्यांचं चुकत नव्हतं. पण मी स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर बोट ठेवलं. दुकानाकडे वायर ओढता येते, तेवढी लांब वायर वेगळी घ्यावी लागली, साडेचारशे रुपये पडले. ते मी माझ्या पैशातून दिले, म्हणजे वादच नको.

नागपुरात बी.कॉम. केलं त्याला चाळीस वर्षं झाली. दुकानाचं जीएसटीचं विवरण आता मी घरी बसून भरते, दर महिन्याला, 20 तारखेच्या आत. दुपारी बहीण व्हिडिओवर येते आणि आम्ही दार लावून तासभर बोलतो. चातुर्मासात गुडघे दुखत असले की प्रवचन घरी ऐकते, पण मुनीश्री तुमसरला असतील तेव्हा मात्र जातेच.

एक अडचण सांगते, म्हणजे तुम्ही आधीच तयारीत राहाल. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच मिळायची, गावात अंधार असला तरी तो वाजायचा. काचेतून वीज येत नाही. लाइट गेली की डबा बंद. त्याच्यासाठी छोटी बॅटरी मिळते, ती घेताना राउटरच्या अडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते पाहून घ्या.