कूगन, जॅकी
(२६ ऑक्टोबर १९१४ – १ मार्च १९८४). मूकपटांच्या काळातील विख्यात अमेरिकन बालनट. संपूर्ण नाव जॉन लेस्ली कूगन. जन्म लॉस अँजेल्स येथे. आईवडील दोघेही रंगमंचावरील कलावंत असल्यामुळे त्यांच्याबरोबर तोही लहानपणापासूनच रंगमंचावर वावरू लागला. १९१९ मध्ये लॉस अँजेल्सच्या ऑर्फियम नाट्यगृहातील त्याचे काम पाहून चार्ली चॅप्लिनचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. अ डेज प्लेझर (१९१९) या लघुपटात छोटीशी भूमिका देऊन चॅप्लिनने पुढे द किड (१९२१) या चित्रपटात आपल्या बरोबरीची भूमिका त्याच्याकडे सोपविली.

या चित्रपटात कूगनने टाकून दिलेल्या व एका भणंगाने वाढविलेल्या मुलाचे काम केले. मुलाने दगड मारून खिडक्यांची तावदाने फोडावीत आणि मागोमाग आलेल्या भणंगाने ती बसवून पैसे मिळवावेत, यांसारख्या प्रसंगांतील त्याचा मिस्किलपणा जितका सहज होता, तितकाच अनाथालयाचे अधिकारी ओढून नेत असतानाचा त्याचा आक्रोश हृदयस्पर्शी ठरला. या एकाच भूमिकेने तो जगप्रसिद्ध झाला. पेक्स बॅड बॉय (१९२१), ऑलिव्हर ट्विस्ट (१९२२), डॅडी (१९२३), अ बॉय ऑफ फ्लँडर्स (१९२४) हे त्याचे नंतरचे उल्लेखनीय चित्रपट. बाहुल्या, शिट्ट्या, लेखनसाहित्य इ. वस्तूही त्याच्या नावावर खपत. १९२४ मध्ये नीअर ईस्ट रिलीफ या संस्थेसाठी अमेरिका व यूरोपचा दौरा करून त्याने आर्मेनियन व ग्रीक निराश्रितांकरिता १० लाख डॉलरहून अधिक किंमतीची मदत गोळा करण्यास हातभार लावला.

वय वाढू लागताच त्याची लोकप्रियता ओसरली. टॉम सॉयर (१९३०) व हकलबेरी फिन (१९३१) हे बोलपट वगळता त्याला फारसे यश लाभले नाही. मे १९३५ मध्ये सॅन डिएगोनजीक झालेल्या मोटार-अपघातात त्याचे वडील व सहनट ज्युनिअर डर्किन यांच्यासह बरोबरचे सर्वजण मृत्यू पावले. कूगन तेवढा वाचला. त्याच वर्षी तो सज्ञान झाला. बालपणी त्याने सु. ३० ते ४० लक्ष डॉलर मिळविले असावेत, असा अंदाज होता. परंतु त्यांतील फारच थोडा पैसा उरला असल्याचे त्याला आढळून आले. त्याच्या आईने वडिलांच्या पश्चात कुटुंबाचा आर्थिक सल्लागार आर्थर बर्नस्टाइन याच्याशी विवाह केला होता. त्या दोघांविरुद्ध त्याने १९३८ मध्ये दावा लावला. अज्ञान पाल्याच्या कमाईवर आईवडिलांचाच हक्क, असा तेव्हाचा कायदा असल्यामुळे त्याची बाजू दुबळी ठरली. शिल्लक राहिलेल्या सु. अडीच लाख डॉलरपैकी १,२६,००० डॉलर एवढेच त्याच्या हाती आले.

या खटल्यामुळे लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने बालकलावंतांसंबंधी कायदा संमत केला. तो ‘कूगन कायदा’ म्हणून ओळखला जातो. बालकलावंताच्या करारास मंजुरी देताना त्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंतचा भाग विश्वस्त निधीत ठेवण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयांना त्यान्वये मिळाला. तथापि न्यायालयापुढे न आलेल्या करारांना हे संरक्षण नव्हते. १ जानेवारी २००० पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने ही उणीव बऱ्याच अंशी दूर झाली : कमाई बालकाच्याच मालकीची ठरली व एकूण उत्पन्नाचे १५ टक्के निधीत ठेवणे बंधनकारक झाले. २०२४ मध्ये आंतरजालावरील चित्रफितींतून काम करणाऱ्या बालकांनाही या संरक्षणाच्या कक्षेत आणण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात कूगनने ग्लायडर-वैमानिक म्हणून काम केले. मार्च १९४४ मध्ये आसाममधील तळावरून निघून विंगेटच्या चिंडिट सैनिकांना ब्रह्मदेशात शत्रूच्या पिछाडीस उतरविण्याच्या मोहिमेत तो होता. युद्धोत्तर काळात तो दुय्यम भूमिका करीत राहिला. द ॲडम्स फॅमिली (१९६४–६६) या दूरचित्रवाणी-मालिकेतील टक्कल असलेल्या, विक्षिप्त अंकल फेस्टरच्या भूमिकेने त्याला पुन्हा लोकप्रियता मिळाली.

सँता मॉनिका येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. अभिनेता म्हणून त्याची ख्याती मुख्यतः द किड वर आधारलेली असली, तरी त्याला स्वतःला जो न्याय पुरता मिळाला नाही, तो पुढील पिढ्यांतील बालकलावंतांना मिळण्याचा मार्ग त्याच्या खटल्यामुळे खुला झाला.