हवालदार, सबनीस, सरनोबत : ऐतिहासिक कादंबरीतील फसवे शब्द (थ्रेड)

१/८
हरि नारायण आपटे यांची 'उषःकाल' ही कादंबरी १८९५ ते १८९७ या काळात 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. शिवकाळाच्या उदयावरील अशा जुन्या कादंबऱ्या आजचा तरुण वाचक उत्साहाने उघडतो आणि शब्दांपाशी अडखळतो.

२/८
अनोळखी शब्द मात्र फारसे नुकसान करत नाही. त्याचा अर्थ शोधला जातो. खरा घात करतो तो ओळखीचा शब्द, कारण त्याचा अर्थ ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते.

३/८
उदाहरणार्थ, 'हवालदार'. आज हा पोलीस वा लष्करातील कनिष्ठ हुद्दा आहे. शिवकाळात मात्र गडाचा ताबा ज्याच्या 'हवाली' केलेला असे, तो हवालदार. दोन्ही शब्दांचे मूळ एकच.

४/८
'सबनीस' आणि 'कारखानीस' आज आडनावे म्हणून उरली. गडावर हजेरी व हिशेब सबनिसाकडे, तर धान्य व सामग्री कारखानिसाकडे असे. 'कारखाना' म्हणजे यंत्रांची गिरणी नव्हे. सामग्रीचे कोठार किंवा राज्याचे खाते.

५/८
'सरनोबत' दुहेरी फसवतो. नेताजी पालकर घोडदळाचे सरनोबत होते. पण प्रत्येक गडावरही एक सरनोबत असे. कोणता अभिप्रेत आहे, हे प्रसंगावरूनच ठरते.

६/८
याने काय बिघडते? सभासद बखरीनुसार गडावरील हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे समान दर्जाचे. कोणा एकाच्या फितुरीने गड शत्रूच्या हाती जाऊ नये, ही त्यामागील दक्षता. हवालदाराला शिपाई समजणाऱ्या वाचकाच्या नजरेतून ही सारी व्यवस्थाच निसटते.

७/८
साधने दोन. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देतो : पेशवा म्हणजे प्रधान, मुजुमदार म्हणजे अमात्य, डबीर म्हणजे सुमंत. दुसरे साधन मोल्सवर्थचा कोश. १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत आणि आज लोपलेल्या अनेक अर्थच्छटाही.

८/८
एक सावधगिरी : कादंबरीकार शिवकाळानंतर दोन शतकांनी लिहीत होता. म्हणून वहीत तीन रकाने आखावेत : आजचा अर्थ, कादंबरीतील अर्थ, बखरीतील अर्थ. जिथे तिन्ही जुळत नाहीत, तिथेच इतिहासाचा अभ्यास सुरू होतो.