उल्हास खोऱ्यातील नागरी वसाहती

उल्हास खोऱ्यातील नागरी वसाहती : महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही कल्याण–कर्जत लोहमार्गावर पाठोपाठ येणारी तीन शहरे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ती लोहमार्गाने अनुक्रमे सु. ५८, ६० व ६८ किमी. अंतरावर आहेत. तिन्ही ठिकाणचे हवामान जवळजवळ सारखे असले, तरी त्यांची वस्ती निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या लोकांनी व निरनिराळ्या कारणांनी झाली. त्यामुळे हवामान, जीवनपद्धती व वसतिस्थानाची निवड यांचा परस्परसंबंध समजून घेण्यास या शहरांचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ व बदलापूरवरून कल्याणकडे वाहते. खोऱ्याच्या एका अंगास माथेरानचा डोंगर व चंदेरी–मलंगगडाची रांग आहे. वार्षिक पर्जन्यमान सु. २५० सेंमी. वा त्याहून अधिक असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. समुद्रापासून दूर असल्यामुळे खारे वारे येथे उशिरा व क्षीण होऊन पोहोचतात. परिणामी मुंबईच्या मानाने येथील उन्हाळा अधिक कडक, तर हिवाळ्यातील रात्री अधिक थंड असतात.

जुनी वस्ती या निसर्गक्रमाशी जुळवून घेणारी होती. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी इ. समाजांची गावे व पाडे उंचवट्यावर आणि भातशेती सखल भागात, अशी सर्वसाधारण रचना असे. पुराचे पाणी खाचरांत पसरे. घरांपर्यंत ते क्वचितच येई. उतरत्या छपराची घरे व पुढील पडवी ही मुसळधार पावसाला अनुसरून होती. अंबरनाथ येथील वालधुनी नदीकाठचे शिवमंदिर या परिसराच्या प्राचीनत्वाची साक्ष देते. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीतील तेथील शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा आहे.

लोहमार्गामुळे या रचनेत पहिला मोठा बदल झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत व १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली. त्याच सुमारास, १८५० मध्ये, ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी माथेरानची पाहणी केली आणि तेथे थंड हवेचे ठिकाण विकसित झाले. १९०७ मध्ये नेरळ–माथेरान रेल्वे सुरू झाली [⟶ माथेरान]. हवामानाकडे पाहून जागा निवडण्याचे हे या परिसरातील ठळक उदाहरण होय. ती निवड मात्र साधनसंपन्न वर्गाची व मुख्यतः ऋतुपुरती होती. डोंगराच्या पायथ्याशी झालेल्या कायम वस्तीची कारणे वेगळी आहेत.

उल्हासनगर : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी उभारण्यात आली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सु. एक लाख निर्वासितांना तिच्या बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. सिंधमधील हैदराबादेत वर्षाकाठी २० सेंमी.हून कमी पाऊस पडतो. तेथील घरांच्या छपरांवर नैर्ऋत्येचा वारा आत घेणारे ‘मंघ’ नावाचे वातायन असे. अशा कोरड्या प्रदेशातील लोकांना दहापट पावसाच्या मुलखात, सैन्यासाठी तात्पुरत्या बांधलेल्या बराकींत संसार मांडावा लागला. येथे हवामानाची निवड नव्हतीच. सोबत आणता आली ती जीवनपद्धती. व्यापारी परंपरेच्या या समाजाने बराकीलाच घर, दुकान व कारखाना यांचे रूप दिले. पाच ‘कँपां’त विभागलेल्या या शहरात कापड, तयार कपडे व लाकडी सामान यांचे व्यवसाय वाढले. निवासाला लागूनच उपजीविका असल्यामुळे वस्ती अतिशय दाट झाली व मोकळी जागा उरली नाही.

अंबरनाथ : येथील वस्तीचे मुख्य कारण उद्योग हे होय. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा (विमको) आगपेट्यांचा कारखाना येथे निघाला. पुढे संरक्षण साहित्याचे कारखाने आले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने आपल्या प्रारंभीच्या औद्योगिक क्षेत्रांत अंबरनाथचा समावेश केला. लोहमार्ग, मोकळी जमीन व पाणी या तीन गोष्टी त्यास अनुकूल होत्या. उल्हासची उपनदी बारवी हिच्यावरील महामंडळाचे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याची उंची वाढविण्यात आली, तेव्हा मुरबाड तालुक्यातील काही गावे व आदिवासी पाडे यांना स्थलांतर करावे लागले. शहरांच्या वाढत्या गरजेपोटी खोऱ्यातील मूळ रहिवाशांना आपले वसतिस्थान सोडावे लागले, ही बाब लक्षणीय आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याने वालधुनी नदीही अत्यंत दूषित झाली.

बदलापूर : घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून हे नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. कुळगाव–बदलापूर या जोडगावांची वाढ मुख्यतः विसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतून मराठी मध्यमवर्ग आधी डोंबिवलीस व नंतर पुढे सरकत अंबरनाथ–बदलापूरपर्यंत आला. परवडणारे घर, मोकळी हवा, डोंगरांचा शेजार व मराठी वातावरण ही त्यामागील आकर्षणे होत. याचे मोल त्याने रोजच्या तीन-चार तासांच्या लोकल प्रवासाने दिले. २००१ ते २०११ या दशकात बदलापूरची लोकसंख्या सु. ९८ हजारांवरून सु. १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच काळात अंबरनाथची लोकसंख्या सु. २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजार, तर उल्हासनगरची सु. ४ लाख ७३ हजारांवरून ५ लाख ६ हजार झाली.

वसाहतींचे हवामानावरील परिणाम : ज्या मोकळ्या हवेसाठी लोक आले, तीच वस्तीच्या वाढीमुळे आक्रसत गेली. भातखाचरांच्या जागी इमारती व काँक्रीटचे रस्ते आल्याने उन्हाळ्याचा ताप वाढतो; एप्रिल–मे महिन्यांत बदलापूर परिसरात पारा अनेकदा ४०° से.च्या वर जातो. पाणी जिरण्याच्या व पसरण्याच्या जागाही घटल्या. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी या दोन्ही नद्यांकाठच्या वस्त्यांची मोठी हानी झाली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली व सु. एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. बदलापुरात पुराचा फटका मुख्यत्वे लोहमार्गाच्या पश्चिमेकडील, नदीलगतच्या सखल वसाहतींना बसतो. जुन्या गावकऱ्यांनी शेतीसाठी राखलेली व वस्तीसाठी टाळलेली जमीन ती हीच.

या तीन शहरांच्या इतिहासावरून असे दिसते, की मनुष्य कोठे राहतो हे प्रथम त्याची उपजीविका, वाहतुकीची सोय व जमिनीची किंमत यांवरून ठरते. हवामानाची निवड करण्याची मोकळीक त्याच्या आर्थिक व सामाजिक स्थितीनुसार कमीअधिक असते. निर्वासिताला ती नव्हती, कामगाराला थोडी होती आणि नोकरदाराने ती प्रवासाच्या मोबदल्यात मिळविली. परंतु वस्ती करताना हवामानाचा विचार केला नाही, तरी त्याचे परिणाम टळत नाहीत. म्हणूनच पूररेषेचे पालन, नदीपात्रांचे रक्षण व मोकळ्या जागा राखणे यांवर या खोऱ्यातील वसाहतींचे भवितव्य अवलंबून आहे.