जुने शरीर, तिसरी पाळी

चाकणजवळच्या निघोज्यात रात्रपाळी सुटते तेव्हा ऊन चांगले वर आलेले असते. कंपनीच्या बसमधून उतरलेला तरुण टपरीवर चहा घेतो, खोलीवर येतो, खिडकीला चादर अडकवतो, पंखा पाचवर टाकतो आणि आडवा होतो. डोळे चुरचुरत असतात, अंग मोडून आलेले असते. तरी झोप लागत नाही. लागलीच तर दुपारी बाराच्या आसपास मोडते. पत्र्याचे छत, शेजारच्या खोलीतला कुकर, रस्त्यावरचे ट्रेलर ही कारणे आहेतच. पण खोली शांत आणि थंड केली तरी दिवसा रात्रीइतकी झोप सहसा मिळत नाही. या पुस्तकाचा विषय समजून घ्यायला त्या अपुऱ्या झोपेसारखे दुसरे प्रवेशद्वार मला सापडले नाही.

आपल्या नेत्रपटलात काही पेशी अशा आहेत, की ज्यांचे मुख्य काम चित्र पाहणे नव्हे, तर उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणे. बसच्या खिडकीतून सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की घड्याळ ‘दिवस उगवला’ असे समजते. रात्रभर वाढलेले मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक उतरते, शरीराचे तापमान चढू लागते. रात्री दोनला कॅन्टीनमध्ये जेवलेला भात रक्तात साखर जास्त वेळ ठेवतो, कारण त्या वेळी शरीर जेवणाची अपेक्षाच करत नसते. या घड्याळाची जनुकीय यंत्रणा फळमाशीत उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. माशी आणि माणूस यांच्यात समान असलेली ही यंत्रणा किती जुनी असेल याची कल्पना करा. तिला पाळीपत्रक वाचता येत नाही.

ज्या परिस्थितीत एखादी प्रवृत्ती घडली ती बदलली आणि प्रवृत्ती मात्र तशीच राहिली, की जे घडते त्याचा अभ्यास म्हणजे हे क्षेत्र. त्याला उत्क्रांतीजन्य विसंगतीचा अभ्यास म्हणता येईल. काळाचा अंदाज यायला लांब जायला नको. निघोज्याजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे भीमेला मिळते. त्याच भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठी, इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तिथली शेतकऱ्यांची वस्ती साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. आपली मानवजात तीन लाख वर्षांच्या आसपासची. चाकण परिसरात फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये आणि महिंद्राचा २०१० मध्ये सुरू झाला. ज्वारी-बाजरीच्या रानातून असेम्ब्ली लाइनवर येण्याचा प्रवास इथल्या कित्येक घरांत एकाच पिढीत झाला आहे.

या विषयाला पुण्याने मोलाची भर घातली आहे, आणि तिथे मी मुद्दाम थांबतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा पाठपुरावा केला. इथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पण नुसते वजन कमी नव्हते. स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे बाळ आतून चरबी राखून जन्मत होते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आपले सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. अभावाची तयारी करून आलेल्या अशा शरीराला पुढे बसून काम, ओव्हरटाइमचा पैसा आणि कोपऱ्याकोपऱ्यावर वडापाव मिळाला, की मधुमेह तिशीतही गाठू शकतो. अशा माणसाला ‘तोंडावर ताबा ठेव’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गोड आणि तेलकट दिसले की हात पुढे जाणे, ही एके काळी जगवणारी प्रवृत्ती होती.

तरीही इथेच सावध व्हायला हवे. १९६२ मध्ये जेम्स नील यांनी मांडले, की दुष्काळात टिकण्यासाठी ‘काटकसरी’ जनुके निवडली गेली आणि सुबत्तेत तीच बाधली. गोष्ट पटकन पटते, म्हणूनच ती तपासली पाहिजे. पुण्याचेच जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी याज्ञिकांसोबत २००७ मध्ये वेगळीच मांडणी केली: इन्सुलिनला दाद न देणे हे मुळात अन्नसाठ्याशी नव्हे, तर अंगमेहनतीकडून डोक्याने जगण्याकडे वळणाऱ्या वर्तनाशी जोडलेले असावे. वाद मिटलेला नाही, आणि नवा वाचक नेमका याच वादात शिरला तर त्याला हे क्षेत्र खरे कळेल. गूल्ड आणि लेवॉन्टिन यांनी १९७९ मध्येच बजावले होते, की शरीराच्या प्रत्येक गुणामागे उपयोगाची कथा रचणे म्हणजे विज्ञान नव्हे.

दुसरा धोका गतकाळाच्या मोहाचा. इनामगावच्या घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुले सापडली; तिथल्या दफनांत मुलांचीच संख्या जास्त आहे. टांझानियाचे हाड्झा, आफ्रिकेतले सॅन आणि बोलिव्हियाचे चिमाने या जुन्या पद्धतीने जगणाऱ्या समाजांची झोप २०१५ मध्ये मोजली गेली, तेव्हा ती सरासरी पावणेसहा ते सात तासच भरली. पूर्वज रोज नऊ तास निवांत झोपत होते, असे मानायला आधार नाही.

पुस्तकात मोबाइलवर, गर्दीवर आणि अनोळखी माणसांच्या शेजारावरही प्रकरणे आहेत. निघोज्यासारख्या गावात एका चाळीत विदर्भ, मराठवाडा आणि बिहारची माणसे राहतात, तेव्हा आपला-परका ओळखण्याची जुनी सवय कशी वागते, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यावर इथे मोजमाप करून झालेले काम थोडे आहे. ते याच भागातल्या कुणी हाती घ्यावे.

पाळ्यांचे प्रकरण शेवटी आहे. १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले, की माणसाच्या आतल्या घड्याळाची फेरी सरासरी २४ तास ११ मिनिटांची असते. ते थोडे मागे रेंगाळणारे घड्याळ आहे, म्हणून उशिरा झोपणे त्याला सोपे आणि लवकर झोपणे अवघड. त्यामुळे पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकल्या तर शरीराला त्या मानाने कमी जड जाते. उलट्या क्रमाने जास्त. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण पाळ्यांचा क्रम कसा असावा हे व्यवस्थापनावरच राहिले. ज्यांच्या हातात पाळीपत्रक असते त्यांनी हे प्रकरण सर्वांत आधी वाचले तरी चालेल.