‘हुमिलितास’ : एका शब्दाचे अर्थांतर

निंदाव्यंजक शब्दाला कालांतराने स्तुतीचा अर्थ प्राप्त व्हावा, अशी उदाहरणे भाषांच्या इतिहासात विरळाच. लॅटिनमधील ‘हुमिलितास’ हा शब्द त्यांपैकी एक होय. ‘हुमुस’ म्हणजे भूमी. त्यावरून ‘हुमिलिस’ म्हणजे जमिनीलगतचा, ठेंगणा आणि पुढे हलक्या कुळाचा, क्षुद्र वृत्तीचा. ग्रीकमध्येही स्थिती फारशी वेगळी नव्हती. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या चौथ्या भागात स्वतःची योग्यता ओळखून तदनुरूप मानाची अपेक्षा बाळगणाऱ्या थोर मनाच्या पुरुषाचा गौरव केला आहे, योग्यता असूनही स्वतःस कमी लेखणे हा त्याच्या मते दोषच. ‘तापेइनोफ्रोसिने’ हा शब्द एपिक्टेटसच्या प्रवचनांत हीन मनोवृत्ती या अर्थाने येतो, तर नव्या करारात तोच सद्गुणवाचक आहे. या पालटाचे कारण पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील दुसऱ्या अध्यायात सापडते. तेथे प्रत्यक्ष ख्रिस्तच दासाचे रूप धारण करून मरणापर्यंत आज्ञाधारक होतो. जे परमेश्वराने पत्करले, ते मनुष्यास लाजिरवाणे कसे ठरावे?

हे अर्थांतर एका विद्वानाच्या जीवनात कसे घडले, हे ऑगस्टीनच्या (३५४–४३०) ‘कन्फेशन्स’ या ग्रंथावरून कळते. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोच्या वाचनाने प्रेरित होऊन तो बायबलकडे वळला. परंतु सिसेरोच्या भारदस्त शैलीपुढे त्यास ते ओबडधोबड वाटले. हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. आपल्या फुगलेल्या अभिमानामुळेच त्या ठेंगण्या दारातून आत जाता आले नाही, असा निर्वाळा त्याने पुढे स्वतःच दिला. वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक म्हणून मिलानमध्ये असताना त्याने व्हिक्टोरिनसची हकीकत ऐकली. रोममध्ये ज्याचा पुतळा उभारला गेला होता, असा हा वृद्ध आचार्य मनाने ख्रिस्ती झालेला असूनही प्रतिष्ठित मित्रांच्या भीतीने चर्चमध्ये जाणे टाळीत असे. अखेर, खाजगीरीत्या श्रद्धा प्रकट करण्याची सवलत असतानाही, त्याने ती सर्वांसमक्ष प्रकट केली. स्वतः ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ मध्ये झाला.

४१० मध्ये अलारिकने रोम लुटले. ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या रचनेस या घटनेने चालना दिली. त्याच्या चौदाव्या भागात ऑगस्टीनने गर्वाची केलेली मीमांसा सूक्ष्म आहे. ज्या मूलाधाराशी जीवाने संलग्न राहावयाचे, तो सोडून स्वतःच स्वतःचा आधार होऊ पाहणे, हा गर्व. म्हणून गर्व वर चढत असल्याचा भास होतो, पण तो मनुष्यास खाली आणतो. उलट, ईश्वराच्या अधीन होणारी नम्रता त्यास उंचावते. भूमीवाचक शब्दाला आलेली थोरवी या विरोधाभासातून स्पष्ट होते.

येथे एक आक्षेप संभवतो. ईश्वरासमोरील नम्रतेचे नाव घेऊन मनुष्यासमोरील लाचारी लादली जाणार नाही कशावरून? इतिहासात असे घडलेही आहे. तथापि याची जाणीव परंपरेला नव्हती, असे म्हणता येत नाही. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमात सातवा अध्याय नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगतो आणि वरिष्ठाची आज्ञा पाळावयास लावतो. परंतु तिसऱ्याच अध्यायात, महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्वांचा सल्ला घ्यावा, कारण ईश्वर पुष्कळदा सर्वांत लहानाकडून उत्तम मार्ग सुचवितो, असे म्हटले आहे. मठाधिपतीलाही आपल्या प्रत्येक निर्णयाचा जाब ईश्वरापुढे द्यावयाचा असतो. सार्वभौमत्व एकट्या ईश्वराचे मानले, म्हणजे कोणाही मनुष्याला ते स्वतःकडे घेता येत नाही.

मराठीत या कल्पनेसाठी येणारे शब्द निराळ्या मुळांतून आलेले आहेत. ‘नम्र’ मध्ये वाकण्याची क्रिया आहे, ‘विनय’ मध्ये वळण लावण्याची, तर ‘लीन’ मध्ये चिकटण्याची व विरघळण्याची. यांपैकी एकातही माती नाही. परंतु मूलाधाराशी संलग्न राहणे ही ऑगस्टीनची कल्पना ‘लीन’ या शब्दाच्या जितकी जवळ येते, तितकी ती ‘हुमिलितास’च्या मूळ अर्थाच्याही जवळ नाही.