खांदेरीचे दीपगृह

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या थळ गावासमोर, भर समुद्रात असलेल्या खांदेरी बेटावरील दीपगृह. स्थापना १८६७. बेटावर दोन टेकड्या आहेत. त्यांपैकी दक्षिणेकडच्या उंच टेकडीवर त्याचा अष्टकोनी दगडी मनोरा उभा आहे.

दीपगृहाच्या कितीतरी आधी इथे किल्ला होता. शिवाजी महाराजांनी ऑगस्ट १६७९मध्ये मायनाक भंडारी याला बेटावर धाडून तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडावरच मराठ्यांची चौकी बसणार, या विचाराने इंग्रज हादरले आणि त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. ती फारशी जमली नाही. वारा पडला की त्यांची मोठी जहाजे जागच्या जागी अडकत. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या मात्र रात्रीच्या अंधारात रसद उतरवून निघून जात. १८ ऑक्टोबरच्या लढाईत ‘डव्ह’ हे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागले. कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’ने निकराने तोंड दिले, तरी काम काही थांबले नाही. १६८०च्या आरंभी इंग्रजांनी तह केला. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले आणि ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून बसली.

पुढे खांदेरी सरखेल कान्होजी आंग्रे यांच्याकडे आली. १७१८मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने तिच्यावर आरमार पाठवले. तेही हात हलवत परतले.

पेशवाई बुडाल्यावर बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. तोफांची गरज संपली, पण जागेचे मोल तेच राहिले: दक्षिणेकडून मुंबईत शिरणाऱ्या जहाजांना हे बेट ओलांडूनच जावे लागे. दीपगृह उभे राहिले ते मुंबईचा व्यापार झपाट्याने वाढत असताना. दोनच वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला. कुलाब्याच्या टोकापलीकडचे प्राँग दीपगृह १८७५चे, म्हणजे खांदेरीच्या मागून आलेले.

बेटावर कोळ्यांच्या श्रद्धेचे वेताळाचे देऊळ आहे. दगडाने ठोकल्यास धातूसारखा नाद देणारा एक खडकही इथे आहे. पाहुण्यांची गर्दी तटापेक्षा त्याच्याभोवतीच अधिक. १९९८मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, दीपगृहही त्याच नावाने ओळखले जाते. किल्ल्याचा समावेश २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या समूहात झाला. थळहून बेटावर होडीने जाता येते.